पाच मिनिटांचा सिनेमा, तोही युद्धात राहून: हे जमतं तरी कसं?

गाझातली एक बाई. तिला थोडं पाणी मिळतं. ते एकदा वापरून ओतून देणं परवडणारं नाही, म्हणून तेच पाणी एका कामातून दुसऱ्या कामाला फिरत राहतं, आणि शेवटी त्याला पाणी म्हणायचीही लाज वाटावी अशी त्याची गत होते तेव्हा ते संडासात जातं. झालं, फिल्म संपली. नाव 'रीसायकलिंग', दिग्दर्शिका रबाब खमीस. बातम्यांमध्ये आपण 'पाणीटंचाई' ऐकतो आणि पुढे सरकतो, इथे मात्र त्या पाण्यावर नजर खिळून राहते, कारण एकदा कळतं की हे आता पुन्हा वापरणार आहेत, की मग आपणच मनात हिशोब मांडायला लागतो की आता कशाला, आता कशाला.

ही फिल्म 'फ्रॉम ग्राउंड झीरो' नावाच्या संग्रहातली आहे. २२ शॉर्ट फिल्म, प्रत्येक साधारण तीन ते सहा मिनिटांची, सगळ्या गाझात राहणाऱ्या कलाकारांनी ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात, तिथेच राहून बनवलेल्या. हे सगळं जमवून आणलं रशीद मशरावी यांनी. हे जुने, नावाजलेले पॅलेस्टिनी दिग्दर्शक, १९६२ साली गाझातल्याच शाती निर्वासित छावणीत जन्मलेले. युद्ध सुरू झालं तेव्हा ते बाहेर होते. बाहेर बसून गाझावर सिनेमा करणं त्यांना सहज जमलं असतं, नाव होतं, ओळखी होत्या. पण त्यांनी म्हटलं की जे आत आहेत त्यांनीच सांगावं, मी फक्त पैसे, सल्ला आणि शूटिंगनंतरचं काम बघतो. त्यासाठी फंड उभा केला, आत काही सहकारी गाठले आणि गोष्टी मागवल्या.

आता पहिला प्रश्न कुणालाही पडतो. डोक्यावर बॉम्ब पडतायत, पोटाला नाहीये, आणि हे लोक सिनेमा कसला काढतायत? मला तो प्रश्न मूर्खपणाचा वाटत नाही, उलट त्या संग्रहातल्याच एका दिग्दर्शकाने तोच विचारलाय. अहमद हसूना यांची 'सॉरी सिनेमा'. युद्धाआधी सिनेमासाठी जीव टाकणारा हा माणूस आता विमानातून पडणाऱ्या मदतीच्या पाकिटांमागे धावतोय, कारण घरच्यांना खायला घालायचंय. तो चक्क सिनेमाची माफी मागतो, की बाबा मला आता कॅमेरा बाजूला ठेवून पळावं लागणार. आणि शूटिंगला वापरतात ती लाकडी क्लॅप, 'टेक वन' म्हणून आपटतात ती, ती मोडून सरपण होते. म्हणजे सिनेमा की पोट या वादात त्याने पोटाच्या बाजूने निकाल दिलाय, आणि तो निकाल दिलाय सिनेमा काढूनच. यापुढे आपण काय बोलणार?

बरं, मूळ प्रश्न. एवढ्या छोट्याच का? बरेच जण समजतात की शॉर्ट फिल्म म्हणजे नवशिक्यांचं काम, मोठी जमत नाही म्हणून छोटी. युद्धात हे गणित पूर्ण वेगळं असतं. फिल्म किती मिनिटांची होणार हे बऱ्याचदा दिग्दर्शक ठरवतच नाही, बॅटरी ठरवते.

११ ऑक्टोबर २०२३ ला गाझातलं एकमेव वीजकेंद्र इंधन संपून बंद पडलं. तिथून पुढे चार्जिंग म्हणजे कुणाकडे सोलर पॅनल आहे, कुणाकडे जनरेटर चालू आहे ते शोधायचं, रांगेत उभं राहायचं. मोबाईलवर शूटिंग करताना बॅटरी किती झपाट्याने उतरते हे लग्नात व्हिडिओ काढलेल्या कुणालाही माहितीये, त्यात उन्हात स्क्रीन फुल ब्राइट. आणि तोच फोन घरच्यांची खबरबात घेण्याचा एकमेव मार्ग. मग आज ४० टक्के चार्ज आहे, तर त्यातला किती सिनेमाला द्यायचा? या चार्जिंगच्या वणवणीवरच एक फिल्म आहे, तामेर निजिम यांची 'द टीचर'. एक शिक्षक सकाळी निघतो, फोन चार्ज करायचाय, पाणी आणायचंय, खायला आणायचंय. प्रत्येक ठिकाणी तो पोचतो आणि त्याचा नंबर लागायच्या आत संपलेलं असतं. मूकपटासारखी, जवळजवळ विनोदी आहे. मग एक जुना विद्यार्थी भेटतो, मदत देऊ करतो, आणि त्या शिक्षकाचा चेहरा बघा तेव्हा. घेणाऱ्याचा स्वाभिमान काय असतो ते कळतं.

बॅटरीनंतर फाइलचा साइज. साध्या फुल एचडीत शूट केलं तरी मोबाईलचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण १०० ते १५० एमबी होतो. पाच मिनिटांच्या फिल्मसाठी माणूस निदान तासभर तरी शूट करतो, चार वेळा चुकतो, पाचव्यांदा जमतं. म्हणजे सहा ते नऊ जीबी झाले. हे गाझाबाहेर पाठवायचे कसे? पेन ड्राइव्ह घेऊन कुणी सीमा ओलांडेल असं नाही. २७ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री तर फोन आणि इंटरनेट पूर्ण तुटलं होतं, नंतरही अधूनमधून तुटत राहिलं. त्यातून लोकांनी ई-सिमचा मार्ग काढला. ई-सिम म्हणजे कार्ड नसलेलं सिम, बाहेरून कुणीतरी विकत घेऊन त्याचा क्यूआर कोड पाठवला की ते फोनमध्ये चालू होतं. मग गच्चीवर किंवा उंचवट्यावर जाऊन शेजारच्या देशाच्या टॉवरची रेंज पकडायची. पण युद्धात उंच जागेवर एकट्याने हात वर करून उभं राहणं, तेही हातात काहीतरी चकाकतंय, हे किती धोक्याचं असेल विचार करा.

अशा वेळी एडिटिंगमधली एक जुनी युक्ती कामाला येते. सगळं फुटेज पाठवायचंच नाही. आधी त्याची हलकी, धूसर कॉपी पाठवायची जी मूळ फाइलच्या पाच-दहा टक्क्यांत बसते. बाहेर बसलेला एडिटर त्यावर फिल्म कापतो आणि मग कळवतो की मला हा शॉट अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत हवाय, तेवढाच ओरिजिनल पाठव. म्हणजे नऊ जीबीऐवजी एक-दीड जीबी. हेच जर दीड तासाच्या सिनेमाला करायचं झालं तर सगळे आकडे वीसपट, आणि तेवढा वेळ नेट टिकेल, फोन टिकेल याची हमी कोण देणार? माणूस टिकेल याची तरी?

तिसरी भानगड आवाजाची, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. गाझावर ड्रोन सतत घिरट्या घालतात, तिथले लोक त्याला 'झनाना' म्हणतात. दिवसरात्र भुंग्यासारखी एकसुरी घरघर. आपल्याकडे शूटिंगला मागे रिक्षा वाजली की दोन मिनिटं थांबून परत टेक घेतात, तिथे थांबायचं कधीपर्यंत? त्यात मोबाईलचा माइक बारीक आवाज आपोआप मोठा करतो, म्हणजे शांततेत तुम्ही कुजबुजलात की तो घरघरही वर ओढून घेतो, आणि मध्येच मोठा स्फोट झाला की आवाज फाटतो. म्हणून या फिल्ममध्ये माणसं समोरासमोर लांबलचक संवाद बोलताना कमी दिसतील, चित्र वेगळं आणि वरून कुणीतरी सांगतंय असं जास्त. काही समीक्षक म्हणतात की सगळीकडे व्हॉइसओव्हर आहे, एकसाची वाटतं. अरे बाबांनो, व्हॉइसओव्हर रात्री ब्लँकेटखाली तोंड घालून रेकॉर्ड करता येतो! इस्लाम अल झराई यांच्या 'फ्लॅशबॅक'मध्ये तर एक तरुण मुलगी कानाला हेडफोन लावून बाहेरचा आवाज बंद करते आणि नाचते. ध्वनीची अडचण थेट गोष्टच होऊन बसली.

अशीच अडचण लोकेशनची. आज सीन अर्धा झाला, उद्या सकाळी इलाका खाली करायचा हुकूम आला, सगळं गाव दुसरीकडे. परत आलात तर भिंत असेल असं नाही, अॅक्टर असेल असंही नाही. म्हणून एक माणूस, एक दिवस, एखाददुसरी जागा, बस. तंबूत राहणाऱ्या रीमा महमूद यांची 'सेल्फी' बघा, त्या एका अनोळखी मैत्रिणीला पत्र लिहितात आणि बाटलीत घालून समुद्रात सोडतात. एवढंच. पत्रात काय आहे? रोजचं जगणं, आरशात बघायची हिंमत होणं न होणं असलं.

इथे बातमी आणि फिल्म यातला फरक सांगायला पाहिजे, कारण खूप लोक गल्लत करतात. रिपोर्टर घडलं तिथे जातो, किती गेले, कुठे पडलं ते सांगतो, आणि ते काम महत्त्वाचंच आहे. या फिल्ममध्ये स्फोट, रक्त, प्रेतं फारशी दिसतच नाहीत. कलाकार घडलेल्या गोष्टीत निवड करतो, कधी चक्क रचून सांगतो. करीम सतूम यांची 'हेल्स हेवन' ही काल्पनिक आहे. एक माणूस जागा होतो तो प्रेत गुंडाळायच्या पिशवीत. आपल्याला वाटतं मेला समजून कुणी टाकला असेल. मग हळूहळू उलगडतं की थंडी होती, पांघरायला काही नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच जाऊन ती पिशवी आणली, कारण तिथे ब्लँकेट मिळेना पण प्रेताच्या पिशव्या मिळतात. आणि त्याचं म्हणणं असं की मेल्यावर ती मिळेल की नाही भरवसा नाही, तर जिवंतपणीच वापरून घेऊ. हसू येतं आणि लगेच आपण हसलो याचं कसंतरी वाटतं. हा विनोद बाहेरच्या माणसाने केला असता तर त्याला जोडे मारले असते. तो करायचा अधिकार त्या तंबूत झोपणाऱ्याचाच.

आता 'सॉफ्ट स्किन'. ही जरा नीट सांगतो. खमीस मशरावी लहान मुलांना अॅनिमेशन शिकवतात, छावणीतली मुलं गोळा करून कागद कापून, थोडं थोडं सरकवून एकेक फोटो काढत फिल्म बनवायची, स्टॉप मोशन म्हणतात ते. मुलांनी विषय कुठला निवडला? त्यांच्या आया त्यांच्या हातापायांवर पेनाने नावं लिहायच्या. बॉम्ब पडला आणि तुकडे झाले तर कुणाचं पोर आहे ते ओळखू यावं म्हणून. मुलं सांगतात की ते लिहिल्यावर झोपच लागायची नाही. कागदाची छोटी माणसं, कागदाचे हात, त्यावर नाव. यात कुठे आरडाओरडा नाही, ती पोरं कात्री चालवताना हसतायतसुद्धा. खरा हात दाखवला असता तर आपण मान फिरवली असती, कागदाचा आहे म्हणून शेवटपर्यंत बघतो. शिवाय मुलांना ती गोष्ट हातात घेऊन कापता येते, सरकवता येते, नको वाटली तर चिकटवायची थांबवता येते. प्रत्यक्षात त्यांच्या हातात यातलं काहीच नव्हतं. अॅनिमेशन का करायचं याचं याहून चांगलं उत्तर मी तरी कुठल्या फिल्म स्कूलच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आणि एक अर्धवट फिल्मही आहे या संग्रहात. इतिमाद वशाह यांची 'टॅक्सी वनीसा'. वनीसा ही गाढवीण, पेट्रोल नाही म्हणून गाडीला जुंपलेली, तिचा मालक लोकांना इकडून तिकडे पोचवतो. गोष्ट व्यवस्थित चाललीये आणि अचानक दिग्दर्शिका स्वतः कॅमेऱ्यासमोर येते. सांगते की शूटिंग चालू असताना माझा भाऊ आणि त्याची मुलं बॉम्बहल्ल्यात गेली, मला पुढे करता आलं नाही. शेवट काय होणार होता तो ती तोंडी सांगते, की मालक मारला जाणार आणि गाढवीण एकटीच परत येणार. रशीद मशरावींना ही फिल्म वगळता आली असती, किंवा दुसऱ्या कुणाकडून पूर्ण करून घेता आली असती. तसं केलं नाही. सिनेमा कसा बनला हे एरवी पडद्यामागे राहतं, इथे ते मधोमध आलंय, आणि त्यानंतरच्या फिल्म बघताना डोक्यात तेच राहतं की हिची पूर्ण झाली म्हणजे हिचं त्या दिवसांत काही बरंवाईट झालं नाही, निदान शूटिंग संपेपर्यंत.

सगळ्या फिल्म भारी आहेत का? नाही. हा संग्रह म्हणजे दिवाळी अंक आहे, संपादक एक, लेखक बावीस. दोन-चार गोष्टी डोक्यातून जात नाहीत, काही ठीकठाक, एखाददोन मला सरळ कच्च्या वाटल्या, अभिनय ओढूनताणून. यातले सगळे काही मुरलेले दिग्दर्शक नाहीत, कुणी चित्रकार आहे, कुणी नाटकातला, महदी करीरा तर कठपुतळ्यांवाले, ते मदतीच्या अन्नाचे रिकामे डबे कापून बाहुल्या बनवतात आणि त्यांची 'अवेकनिंग' त्या बाहुल्यांचीच आहे. आणि कच्चीला कच्ची म्हणायला हरकत नाही असं मला वाटतं. बिचारे युद्धात आहेत म्हणून सगळ्याला टाळ्या वाजवणं हा एक प्रकारचा अपमानच, त्यांनी कलाकार म्हणून काम पाठवलंय, तर कलाकार म्हणूनच बघा की.

हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. बोस्नियातल्या सारायेव्होचा वेढा एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ चालला, त्यात आदेमीर केनोविच आणि मंडळींचा 'सागा' नावाचा गट शहरात राहूनच शूट करत होता. १९९३ च्या शेवटाकडे त्यांनी रोज दोन मिनिटांची एक फिल्म असा उपक्रम चालवला, ती बीबीसीसारख्या वाहिन्यांवर दाखवली जायची. सीरियात २०११ च्या एप्रिलपासून 'अबू नद्दारा' या गटाने दर शुक्रवारी एक छोटी फिल्म इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. शुक्रवारच का, तर नमाजानंतर मोर्चे निघायचे तो दिवस. त्यांची पद्धत उलटी, कुणाचंही नाव नाही, कारण नाव कळलं तर घरच्यांना उचलून नेतील. त्यांचा एक आग्रह फार पटण्यासारखा आहे. मेलेल्या, जखमी, उघड्या पडलेल्या सीरियन माणसांची दृश्यं टीव्हीवर सर्रास दाखवतात, तशी पॅरिस किंवा न्यूयॉर्कमधल्या मेलेल्यांची दाखवतात का? मग आमच्या माणसांची अब्रू स्वस्त का? त्यांच्या एका फिल्मला २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात शॉर्ट फिल्मचा सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला. युक्रेनमध्ये 'बॅबिलॉन १३' हा गट २०१३ च्या हिवाळ्यात कीवच्या 'मैदान' नावाच्या चौकातल्या आंदोलनात सुरू झाला, छोट्या फिल्म करून थेट यूट्यूबवर टाकायचे, पुढे आंदोलनाचं युद्ध झालं आणि हे चालूच राहिले.

गाझाचे कलाकार मात्र बहुतेक नावानिशी समोर येतात. माझा अंदाज असा की जिथे रोज आकडा जाहीर होतो तिथे नाव लिहिणं हाच अर्धा हेतू असणार. पण चेहरा आणि जागा दाखवण्यातला धोका त्यांनाही आहेच.

मग या फिल्म जगापर्यंत पोचल्या कशा, त्यातही गंमत आहे. मशरावींच्या म्हणण्याप्रमाणे २०२४ च्या कान महोत्सवात हा संग्रह दाखवायचं ठरलेलं होतं, पण मग राजकारण नको म्हणून नकार आला. तर त्यांनी महोत्सवाच्या बाहेरच तंबू ठोकला आणि तिथे दाखवला. तंबूच, दुसरं काही नाही. पुढे अम्मान आणि मग सप्टेंबरमध्ये टोरंटोच्या महोत्सवात. आणि मग ऑस्करसाठी पॅलेस्टाइनची अधिकृत एंट्री म्हणून हाच गेला. आता शॉर्ट फिल्म आंतरराष्ट्रीय फीचरच्या स्पर्धेत कशा, असं वाटेल, तर ऑस्करच्या नियमात ४० मिनिटांपेक्षा जास्त म्हणजे फीचर, आणि या २२ मिळून जवळपास एक तास ५० मिनिटं होतात. मायकल मूर हे अमेरिकन डॉक्युमेंटरीवाले निर्माता म्हणून मागे उभे राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये १५ सिनेमांच्या शॉर्टलिस्टमध्ये नाव आलं, शेवटच्या पाचात आलं नाही. तरी एकेक फिल्म सुटी सुटी असती तर हरवूनच गेली असती, एकत्र बांधल्यामुळे थिएटरला तिकीट लावून दाखवता आली, हा मशरावींचा सगळ्यात हुशार निर्णय असं माझं मत.

बघायची असेल तर सलग एका बैठकीत बघू नका, दहाव्या-अकराव्या फिल्मनंतर मन बधिर होतं आणि मग चांगली फिल्मही नुसती समोरून जाते. तीन-चार बघा, बंद करा, उद्या परत. सुरुवात 'द टीचर'ने करा, मग 'सॉफ्ट स्किन'. निदाल दामो यांची 'एव्हरीथिंग इज फाइन' पण यात घ्या, त्यात एक स्टँडअप कॉमेडियन शो करायला निघालाय, आधी अंघोळीची रांग, मग थिएटरच शिल्लक नाही, तरी तो शो करतोच. 'टॅक्सी वनीसा' पहिल्या दिवशी नको. आणि शक्य असेल तर हेडफोन लावून बघा, मोबाईलच्या स्पीकरवर ती झनानाची घरघर ऐकूच येत नाही.